चिंबोरीचा नैवेद्य आणि म्हात्रे सर

प्रा. अंबाजी म्हात्रे यांच्याबद्दल मुरुडच्या बाजूला कुणाचंही काहीच मत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांनी वीसेक वर्षांच्या नोकरीत मोठ्या कष्टाने सांभाळली होती. महाविद्यालयात ते समाजशास्त्र शिकवत. आवाज एकाच पट्टीत चाले. त्याला भरती नव्हती, ओहोटी नव्हती. विद्यार्थी त्यांना मान देत, म्हणजे तासाला बसत आणि घोरत नसत. स्टाफरूममधल्या दोन्ही गटांत ते नव्हते, त्यामुळे दोन्ही गट त्यांना आपला समजत आणि चहा पाजत.

अशा माणसाच्या नावावर ‘धर्म आणि समाज’ हा नवा पेपर चढला तो निव्वळ गैरहजेरीमुळे. विषयवाटपाची बैठक होती त्या दिवशी सर चुलत्याच्या बाराव्याला पेझारीला गेले होते. परत आले तर वेळापत्रक लागलेलं. इतिहासवाल्या बाईंनी सांगितलं, हल्ली धर्म शिकवणं म्हणजे चालू तारेवर कपडे वाळत घालणं. राज्यशास्त्राच्या सरांनी सुचवलं की पुस्तक उघडून वाचून दाखवा आणि पुस्तक मिटा. पुस्तकाला कुणी निलंबित करत नाही. दोघांचाही सल्ला मोलाचा होता. त्यातली सावधगिरी दोघांनीही बैठकीतच वापरली होती, म्हणून तर पेपर म्हात्र्यांकडे आला.

सरांनी पहिले दोन आठवडे खरोखरच पुस्तक वाचून दाखवलं. मग त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. स्वतःच्या धर्माबद्दल विचारलं की मुलं एक तर भाषण करत, नाही तर लाजून खाली बघत. भाषण करणाऱ्याला काही शिकवता येत नाही आणि खाली बघणाऱ्याला काही विचारता येत नाही. तेव्हा त्यांना वडिलांची आठवण झाली. वडील मिठागरावर मुकादम होते. दोन गड्यांचं भांडण त्यांच्याकडे आलं की ते म्हणत, तू याची तक्रार सांग, आणि तू याची. दुसऱ्यानं ‘व्हय, माझं हेच म्हननं’ असं म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. बहुतेक वेळा दोघंही अर्ध्यात कंटाळून कामाला लागत, त्यामुळे हा न्याय होता की वैताग हे मिठागरात कुणी ठरवलं नाही.

सरांनी तीच पद्धत वर्गात आणली. चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी येईल त्याच्या घरी जायचं, बसायचं, विचारायचं, आणि त्या घरातला एक सण किंवा एक विधी वर्गात सांगायचा. ज्याचं घर, त्यानं मान डोलावली तर गुण. नाही डोलावली तर परत जायचं, परत सांगायचं. आपल्या घराबद्दल आपण बोलायचं नाही, फक्त दुरुस्त करायचं. मुलांना हे आवडेल असं सरांना वाटलं नव्हतं. पण गणपतीच्या सुट्टीआधीच्या त्या आठवड्यांत वर्ग भरू लागला, आणि इतर विषयांची मुलं दारात उभी राहू लागली.

आगरदांड्याच्या सिमरा मुकादमला भाविका नाखवाची चिठ्ठी आली. भाविका कोळीवाड्यातली. सिमराचे वडील इक्बालभाई जेटीवरून मुरुडपर्यंत मिनिडोर रिक्षा चालवत, आणि भाविका रोज त्याच मिनिडोरने येई. पण भाविकाच्या स्वयंपाकघरात सिमरा पहिल्यांदाच गेली. दुपारभर बसली, विचारून आली, आणि वर्गात उभं राहून तिनं कोळीवाड्यातली गौर सांगितली. गौर माहेरवाशीण. आली की पहिल्या दिवशी भाजी-भाकरी. दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य. “कारण गोडधोड तिला सासरी रोजच मिळतं,” सिमरा म्हणाली. “माहेरी आली की तिला चिंबोऱ्या लागतात.”

देवीला खेकडे! वर्ग खळखळून हसला. म्हात्रे सरही हसले. त्यांच्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी घटना होती. भाविकाने मान डोलावली. सरांनी गुण दिले. खारेपाटात त्यांच्या स्वतःच्या घरी गौरीला मटण लागे, त्यामुळे त्यात वावगं काही असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

मागच्या बाकावरून कुणी तरी हे चित्रित केलं होतं. मुलानं ते कौतुकानं मित्राला पाठवलं, मित्रानं आणखी कुणाला, आणि वाटेत कुठे तरी, बहुधा पनवेलच्या आसपास, त्याचं कौतुक गळून पडलं. भाजी-भाकरी कापली गेली, सासर-माहेर कापलं गेलं, भाविकाची मान कापली गेली. उरलं ते एवढंच: डोक्यावर ओढणी घेतलेली एक पाठमोरी मुलगी म्हणते, ‘तिला चिंबोऱ्या लागतात’, आणि वर्गासकट प्राध्यापक हसतात. वर मोठ्या अक्षरांत, वर्गात देवीची विटंबना. खाली ढोलाचं संगीत.

हे फिरलं ते नेमकं गौरीपूजनाच्या दिवशी. ज्या घरांत त्या सकाळी चिंबोऱ्या साफ होत होत्या, त्याच घरांतून, काही ठिकाणी हात पुसून त्याच हातांनी, ते पुढे पाठवलं जात होतं. घाटावरच्या लोकांनी खाली लिहिलं की देवीला असलं देणारे हिंदूच असू शकत नाहीत, हे सगळं त्या प्राध्यापकानं रचलेलं आहे. किनाऱ्यावरच्या लोकांनी ते वाचलं, आणि नैवेद्य झाकून ठेवून संताप व्यक्त केला.

सुट्टी संपायच्या आत महाविद्यालयात तक्रार आली. सही चंदर नाखवा यांची. चंदर नाखवा म्हणजे मच्छीमार सोसायटीचे माजी उपाध्यक्ष, एका होडीचे मालक, आणि भाविकाचे सख्खे काका. एकाच घरात राहणारे. पत्राची भाषा मात्र काकांची नव्हती. त्यात ‘षड्‌यंत्र’ होतं, ‘सुनियोजित’ होतं. पनवेलहून आलेल्या एका तरुणानं मजकूर तयारच आणला होता, आणि चंदरशेठनी जेटीवर, इंजिनाच्या धडधडाटात, फोनवर व्हिडिओची नुसती अक्षरं वाचून सही ठोकली होती.

संस्थेच्या कार्यवाहांनी सरांना बोलावून घेतलं. ते सज्जन गृहस्थ होते, म्हणजे त्यांना कटकट नको होती. त्यांनी एक माफीपत्र टाइप करून ठेवलं होतं. त्यात म्हटलं होतं की विद्यार्थिनीनं वर्गात असत्य आणि आक्षेपार्ह विधान केलं, ते वेळीच न थांबवल्याबद्दल मी दिलगीर आहे, आणि हा उपक्रम मी बंद करत आहे. सही केली की विषय संपला. नाही केली तर चौकशी, आणि चौकशी म्हटलं की निलंबन आलंच, असं कार्यवाह फार हळहळून म्हणाले. विचार करायला चार दिवस दिले.

सर दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला गेले. सिमरा सुट्टीनंतर वर्गात आलीच नव्हती. इक्बालभाईंनी त्यांना घरात बसवलं, सरबत दिलं. सिमरा आतल्या दाराशी उभी होती. इक्बालभाईंनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले की पोरगी घरीच बरी. तिची खाला मुंब्र्याला असते, तिकडे पाठवायचा विचार चाललाय, कॉलेज पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघू याचा अर्थ त्या खोलीतल्या तिघांनाही कळत होता.

“सर, माझी पोरगी खोटं बोलली काय? एवढंच सांगा.”

“नाही.”

“मग कॉलेजानं तसं लिहून द्यावं. मी उद्या पाठवतो.”

सर परत निघाले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आयुष्यात प्रथमच दोन ठिकाणी त्यांच्या सहीला किंमत आली आहे, आणि दोन्ही कागद एकमेकांच्या उलटे आहेत. सिमरा खोटं बोलली असं लिहून दिलं तर नोकरी राहते आणि मुलगी जाते. खरं बोलली असं ते एकटे म्हणाले तर कुणी ऐकणार नाही, कारण घर त्यांचं नाही. ज्याच्या घराची गोष्ट, त्यानंच मान डोलवायला हवी होती. भाविकाने ती डोलावली होती. पण आता ती काकांसमोर पाण्याचा ग्लाससुद्धा आवाज न करता ठेवत होती, असं कळत होतं.

घरी सुचिताबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, सगळं ऐकून घेतलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. पहिलीच्या वर्गाला सांभाळणाऱ्या माणसाला कार्यवाहांचं भय वाटत नाही. त्या म्हणाल्या, “सही करायची असेल तर आत्ता करा. नसेल करायची तर जेवून घ्या. दोन्हींच्या मधे बसून कालवण गार होतं.” सर जेवले.

चौकशी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली, कारण तिथेच पंखा चालू होता. मधे प्राचार्य, शेजारी कार्यवाह, कोपऱ्यात नोंद घ्यायला कार्यालयातला प्रीतम. एका बाजूला म्हात्रे सर, समोर चंदरशेठ. पनवेलचा तरुणही आला होता, पण त्याला बाहेर बसवलं. चंदरशेठ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि खुर्चीच्या कडेवर बसले होते, बोट लागली की उतरायच्या तयारीत बसावं तसे. कार्यवाहांनी तक्रार वाचून दाखवली. ‘षड्‌यंत्रा’पाशी चंदरशेठ खिडकीबाहेर बघू लागले.

सरांना खुलासा विचारण्यात आला. ते उभे राहिले आणि त्याच त्यांच्या सपाट आवाजात म्हणाले की खुलासा नंतर देतो. आधी नाखवाशेठचं म्हणणं मला माझ्या तोंडून सांगू द्या. ते बरोबर आहे असं त्यांनी म्हटलं तर मग त्यांनी माझं सांगावं. तेवढ्यावर जे ठरेल ते मला मान्य.

कार्यवाह म्हणाले की हा वर्ग नव्हे. प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं, चंदरशेठकडे बघितलं, आणि लवकर होणार असेल तर करा म्हणाले.

सरांनी सुरुवात केली. नाखवाशेठचं म्हणणं असं की देवीचा अपमान झाला.

चंदरशेठनी मान हलवली. “न्हाय.”

प्रीतमचं लिहिणं थांबलं. सरांनी दुसरा प्रयत्न केला. मुसलमान मुलीनं आमच्या देवीबद्दल बोलू नये, असं यांचं म्हणणं आहे.

चंदरशेठनी कार्यवाहांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. “पत्रान तसा लिवलाय,” ते म्हणाले. “पन न्हाय.”

कार्यवाहांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला दुसरी तक्रार असेल. सर मात्र आता अडकले. एवढे आठवडे मुलांना ते परत पाठवत होते, ‘जा, परत विचारून ये’ म्हणत होते. स्वतः मात्र नाखव्यांच्या घरी गेले नव्हते. जे ऐकायचं होतं ते या टेबलावरच ऐकायला लागणार होतं. त्यांनी चंदरशेठना विचारलं, तुम्ही तो व्हिडिओ किती वेळा पाहिलात?

चंदरशेठ म्हणाले, पहिल्यांदा नुसती अक्षरं वाचली. सही झाल्यावर दुसऱ्या दिवशी घरी आवाज मोठा करून ऐकला. मग बऱ्याचदा. मग खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते पोराकडून वाचून घेतलं. शेवटचं सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

आणि सरांना पेणच्या वसतिगृहातली जेवणाची ओळ आठवली. आईनं दिलेल्या डब्यातली जवळ्याची चटणी, डबा उघडताच शेजारच्या ताटांवरून उठलेलं हसू, आणि पुढची दोन वर्षं तो डबा कोपऱ्यात तोंड करून खाणारे आपण. ही आठवण त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, इथेही सांगितली नाही. ते एवढंच म्हणाले:

“नाखवाशेठ, तुम्हाला पोरीचं बोलणं लागलं नाही. वर्गाचं हसणं लागलं. मग जगानं ते हसणं पाहिलं आणि म्हटलं, ही कसली माणसं, देवीला चिंबोरी देतात. तुमच्या चुलीपाशी येऊन कुणी तरी तोंडाला रुमाल लावावा तसं झालं. आणि हसणाऱ्यांत मास्तर होता.”

पंखा फिरत होता. चंदरशेठनी शर्टाची बाही नीट केली.

“व्हय,” ते म्हणाले. “माझा ह्योच म्हनना हाय.”

कार्यवाहांनी घाईघाईने विचारलं की मग प्राध्यापक चूक कबूल करतात असं लिहायचं का. सर म्हणाले, हसल्याची चूक कबूल, लिहा. मुलीच्या बोलण्याची नाही. आता नाखवाशेठची पाळी.

चंदरशेठना भाषणाची सवय होती. सोसायटीच्या सभेत ते डिझेलवर तासभर बोलत. इथे मात्र शब्द सापडायला वेळ लागला. ते म्हणाले, सरांचं म्हणणं असं की आपल्या घरचं सगळेच सांगतात, त्यात काय. दुसऱ्याचं सांगायचं म्हटलं की आधी त्याच्या दारात जावं लागतं. चप्पल काढावी लागते. त्याचं पाणी प्यावं लागतं. त्याला इचारावं लागतं. आणि तो हो म्हनला तरच खरं. “सरांचा म्हनना काय, तर मानसा मानसाच्या घरात जाव्यात. पोरांच्या वयात तरी.”

सरांनी मान डोलावली. वीस वर्षांत त्यांना स्वतःला हे इतकं थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

इथे काम संपलं असतं. पण चंदरशेठ बसले नाहीत. ते टेबलाकडे बघत म्हणाले, “ती पोरगी आमच्या घरी आलती. आमची मंडली आत चिंबोऱ्या फोडीत व्हती. मी वटीवर जाला शिवीत बसलेलो. ती सारखी इचारी, काका, गौरीला गोड का न्हाय? मी म्हनलो, गोड तिला सासरी रोज भेटतंय. माहेरी आली का तिला चिंबोऱ्या लागतान.”

कार्यवाहांनी हातातलं पत्र टेबलावर ठेवलं.

“वाक्य माझाच हाय,” चंदरशेठ म्हणाले. “पहिल्यांदा ऐकला तवा वाटला, कुठं तरी ऐकलाय. कुनाचा ते आठवला तवा सही झालेली, पेपरात नाव आलेला. आता आपलीच थट्टा आपल्याला देवीची विटंबना वाटली, ह्ये कुनाला सांगायचा?”

प्राचार्यांनी तोंडावर हात ठेवला. ते हसत होते असं म्हणता येणार नाही. पण चौकशी समितीच्या अध्यक्षाला शोभेल इतकं गंभीरही ते दिसत नव्हते. हसू नका, असं म्हणायचा अधिकार त्या खोलीत फक्त हसून फसलेल्या म्हात्रे सरांना होता, आणि ते तळहाताकडे बघत बसले होते.

अडचण आली ती प्रीतमची. इतिवृत्ताच्या छापील नमुन्यात दोनच रकाने होते: तक्रार मान्य, तक्रार अमान्य. चंदरशेठची तक्रार मान्य झाली होती, पण पत्रातली तक्रार त्यांचीच नव्हती. कार्यवाह म्हणाले की तक्रार मागे घेतली असं लिहा. चंदरशेठ मागे घ्यायला तयार नव्हते. हसणं लागलं ते लागलंच, ते का मागे घ्यायचं? शेवटी सर म्हणाले की रकाने रिकामे ठेवा आणि खाली मोकळ्या जागेत नाखवाशेठ सांगतील तेवढं लिहा. चंदरशेठनी सांगितलं, प्रीतमनं प्रमाण भाषेत उतरवलं: मुकादम यांच्या मुलीनं वर्गात सांगितलं ते खरं आहे, आमच्या घरी असंच करतात, आणि ते तिला मी सांगितलं आहे. खाली सही. या वेळी त्यांनी सहीआधी वाचून घेतलं, दोनदा.

पनवेलचा तरुण बाहेर वाट बघून कंटाळला होता. चंदरशेठ त्याला म्हणाले, “ये घरी जेवायला. चिंबोऱ्या हायत.” तो आला नाही. त्याला पुढे रोह्याला दुसरी एक विटंबना होती.

कागदाची प्रत इक्बालभाईंना पोचवायचं काम सरांचं होतं, पण ते पोचायच्या आत बातमी पोचली. मुरुडच्या स्टँडवर मिनिडोरमध्ये चढताना चंदरशेठनीच इक्बालभाईंना सांगितलं होतं, आणि पुढच्या सीटवर बसून जेटीपर्यंत गेले होते, जिथे त्यांना त्या दिवशी काही काम नव्हतं. काय बोलले ते दोघांनाच ठाऊक. मागे बसलेल्या बायकांच्या म्हणण्याप्रमाणे सगळा वेळ डिझेलबद्दलच चाललं होतं.

सगळं निस्तरलं असं नाही. तो व्हिडिओ अजून फिरतो. मधूनच एखादा दूरचा नातेवाईक सरांना विचारतो की हे तुम्हीच का. संस्थेनं ‘धर्म आणि समाज’ पुढच्या वर्षी ठेवायचा की नाही याचा निर्णय पुढे ढकलला आहे, आणि सर समोर दिसले की कार्यवाह फोन कानाला लावतात. सरांनी वर्गात एक नियम वाढवला: ज्याचं घर तो हसला तरच वर्गानं हसायचं, एरवी नाही. हा नियम पाळणं सगळ्यात अवघड आहे, आणि तो आधी मास्तरांनीच मोडला होता, हेही त्यांनी सांगून टाकलं.

सोमवारी सिमरा आली. भाविकाच्या शेजारी बसली. त्या दिवशी पाळी भाविकाची होती, आणि तिच्या चिठ्ठीत सिमराचं घर होतं. भाविका मुकादमांकडे दोन दुपारी बसून आली होती. तिनं सिमराच्या आत्याचं लग्न सांगायला घेतलं: निकाह, मेहेर, जेवणावळ, सगळं व्यवस्थित. मग म्हणाली की आपल्याकडे हळदीला बायका गाणी म्हणतात तसं त्यांच्यात नसतं.

सगळ्या वर्गाने सिमराकडे बघितलं. सिमरानं मान हलवली. नाही.

“असतं?” भाविकानं विचारलं.

“रात्रभर,” सिमरा म्हणाली. “तू ज्या आजीला घाबरून लवकर उठलीस ना, तीच सगळ्यात मोठ्यानं म्हणते. बिचारे नवऱ्याकडचे. सासूला तर काय काय म्हणतात.” आणि ती स्वतःच हसली, म्हणून मग वर्गही हसला.

“मग मला पुन्हा जायला लागणार,” भाविका म्हणाली.

सरांनी खडू ठेवला आणि हजेरीच्या टेबलामागे बसले. पुढच्या तासाचे राज्यशास्त्राचे सर दारात येऊन उभे होते. म्हात्रे सरांनी त्यांना आत यायला सांगितलं, आणि बसायला बाक दाखवला.